शाळेसमोरचं उंच झेब्रा क्रॉसिंग परत बांधा : रस्ते समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सदस्य आणि अभियंते,
रस्ते व वाहतूक समिती

विषय : डांबरीकरणाच्या वेळी काढून टाकलेली वेग उतरवणारी रचना पूर्ववत करण्याबाबत

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात आमच्या रस्त्याचं डांबरीकरण झालं. रात्री यंत्रं आली आणि सकाळी पाहिलं तर शाळेसमोरचं, पदपथाच्या उंचीवर उचलून बांधलेलं झेब्रा क्रॉसिंग खरवडून सपाट केलेलं होतं. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा गतिरोधकही गेला होता. चौकात पदपथाचे जे कोपरे पुढे काढले होते, ते तोडून वळण पुन्हा ऐसपैस केलं होतं. या सगळ्याच्या बदल्यात खांबांवर दोन फलक लागले. एकावर 30 चा आकडा, दुसऱ्यावर 'वाहने सावकाश चालवा'. आपल्या कार्यालयात येऊन विचारलं तेव्हा मला सांगण्यात आलं, की वाहनचालकांच्या तक्रारी होत्या, आणि आता वेगमर्यादेचा फलक असल्यामुळे सुरक्षिततेत काही फरक पडणार नाही.

फरक पडतो. तो काय असतो हे माझ्या घराने सोसलेलं आहे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे.

ते क्रॉसिंग उंच होण्याआधी, त्याच जागी, माझ्या बाबांना एका मोटारीची धडक बसली. तेव्हा ते सत्तरीचे होते. खुब्याचं हाड मोडलं, दोन शस्त्रक्रिया झाल्या, आणि रोज सकाळी तासभर झपाझप चालणारा माणूस वॉकरवर आला. गाडी चालवणारा तरुण दारू प्यायलेला नव्हता, मोबाइलवर बोलत नव्हता. रात्रभर तो रुग्णालयात आमच्याबरोबर बसून राहिला. त्याचा वेग ताशी पन्नासच्या आसपास होता, आणि त्या रुंद, सरळ, मोकळ्या रस्त्यावर पन्नासचा वेग कुणालाही जास्त वाटला नसता. मला त्याच्यावर राग धरता आला नाही. राग आला तो शाळेच्या दारातून जाणारा रस्ता महामार्गासारखा आखण्याच्या निर्णयाचा.

तो म्हणाला होता, "आजोबा दिसले तेव्हा तीन गाड्यांएवढं अंतर होतं." तीन गाड्या म्हणजे साधारण 13 मीटर. पुढे मी त्या 13 मीटरचं गणित मांडलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही. समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही सेकंदभर लागतो. ताशी 30 किलोमीटरने जाणारी गाडी त्या सेकंदात 8 मीटरच्या थोडी पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावला तर आणखी 5 मीटरमध्ये थांबते. एकूण 13 मीटर. ताशी 50 ला मात्र त्या पहिल्या सेकंदातच जवळपास 14 मीटर संपतात. ब्रेक लागायच्या आतच गाडी माणसापर्यंत पोचलेली असते, तीही पूर्ण वेगात. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे 50 ची धडक 30 च्या धडकेपेक्षा जवळजवळ पावणेतीन पट जोराची असते. ताशी तीसने आलेली गाडी बाबांच्या पायाशी थांबली असती.

आमच्या गल्लीच्या चौकटीत ही एका घराची गोष्ट आहे. जगाच्या चौकटीत ती फार मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार रस्त्यांवर दर वर्षी सुमारे 11 लाख 90 हजार माणसं मरतात. 5 ते 29 या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण हेच आहे. मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक पायी चालणारे, सायकलवरचे किंवा मोटारसायकलवरचे असतात. सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण 4 टक्क्यांनी वाढतो, असंही हीच संघटना सांगते. फेब्रुवारी 2020 मध्ये स्टॉकहोमला जमलेल्या देशांनी जाहीरनाम्यातच लिहिलं, की माणसं आणि वाहनं जिथे एकमेकांत मिसळतात तिथे वेग ताशी 30 च्या वर नसावा. आपल्या फलकावरचा आकडा तिथूनच आला असावा. पण आकडा खांबावर टांगला म्हणून रस्त्यावर उतरत नाही.

बाबांच्या अपघातानंतर दोन वर्षं अर्ज-विनंत्या करून आम्ही ते उंच क्रॉसिंग मिळवलं होतं. कल्पना साधी होती: माणसाने पदपथावरून खाली उतरून रस्त्यावर यायचं नाही, गाडीने पदपथाच्या उंचीवर चढायचं. चढायचं म्हणजे हळू होणं आलंच. कोपरे पुढे काढल्यामुळे ओलांडायचं अंतर कमी झालं, वळणाऱ्या गाडीला वळण तंग झालं आणि उभ्या गाड्यांच्या आडून डोकावणारं लहान मूल चालकाला आधीच दिसू लागलं. त्यानंतर काही महिन्यांनी बाबा वॉकर घेऊन एकटे पलीकडे गेले. मी खिडकीतून बघत होते. एक टेम्पो थांबला, चालकाने हात केला, बाबांनीही हात केला. त्या टेम्पोचालकाचं मन त्या दिवशी एकाएकी मोठं झालं होतं असं मला वाटत नाही. रस्त्याने त्याला आधीच हळू केलं होतं, त्यामुळे थांबणं त्याला सोपं गेलं.

आता आपल्या उत्तराकडे येते. फलक आणि रचना यांत फरक नाही, हे विधान तपासलेलं आहे का? इतर शहरांनी तपासलं आहे. लंडनमध्ये ताशी 20 मैलांचे, म्हणजे सुमारे 32 किलोमीटरचे विभाग केले गेले, आणि त्यांत गतिरोधक, अरुंद केलेले भाग, उंच चौक अशी प्रत्यक्ष रचना होती. 1986 ते 2006 या वीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास 2009 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. अशा विभागांत जखमी आणि मृतांची संख्या सुमारे 42 टक्क्यांनी घटली होती. सर्वांत मोठा फायदा लहान मुलांना झाला होता. अपघात शेजारच्या रस्त्यांवर सरकले असंही आढळलं नाही. याउलट बेलफास्टच्या मध्यवर्ती भागातल्या 76 रस्त्यांवर 2016 मध्ये हीच वेगमर्यादा मुख्यतः फलक लावूनच आणली गेली. पुढच्या तीन वर्षांत वेग जेमतेम उतरला आणि अपघातांत ठोस म्हणता येईल अशी घट दिसली नाही.

फलक निरुपयोगी असतात असं मी म्हणत नाही. एडिनबरोने 2016 ते 2018 या काळात शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर ही मर्यादा लावली, सोबत मोठी जनजागृती केली, आणि तिथे जखमींची संख्या चांगलीच कमी झाली. पण सगळं शहर एका निश्चयाने बदलणं वेगळं, आणि एका रस्त्यावरची रचना तोडून तिच्या जागी एक खांब रोवणं वेगळं. आपण जे केलंत ते दुसऱ्या प्रकारचं आहे.

उत्साहाच्या भरात मला फुगवून काही सांगायचं नाही. नॉर्वेचे रस्ते-सुरक्षा संशोधक रुने एल्विक यांनी 2001 साली 33 अभ्यास एकत्र तपासले. संपूर्ण वस्तीत वाहतूक शांत करण्याच्या, म्हणजे रस्त्याच्या रचनेनेच वेग उतरवण्याच्या योजनांनी जखमी करणारे अपघात सरासरी 15 टक्क्यांनी कमी झाले होते. वस्तीतल्या आतल्या रस्त्यांवर ही घट 25 टक्क्यांच्या आसपास, तर मुख्य रस्त्यांवर 10 टक्क्यांच्या आसपास होती. लंडनपेक्षा हे आकडे लहान आहेत, आणि माझ्या मते समितीने याच आकड्यांवर विसंबावं, कारण ते वेगवेगळ्या देशांतले, चांगल्या-वाईट सगळ्या कामांचे मिळून आहेत. आतल्या रस्त्यांवर चार अपघातांतला एक टळतो. तो एक कुणाचा असेल ते आधी कळत नाही, एवढंच.

एकेका उपायाचा हिशेबही उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घराजवळ गतिरोधक असलेल्या मुलांना आपल्याच वस्तीत गाडीखाली सापडून इजा होण्याची शक्यता निम्म्याहून कमी आढळली. सिग्नलच्या किंवा थांबण्याच्या पाटीच्या चौकाजागी गोल चौक, म्हणजे मधल्या गोल बेटाला वळसा घालून जायचा चौक केला की जखमी करणारे अपघात साधारण तीन-चतुर्थांशाने घटतात, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना 32 ठिकाणी छेदतात किंवा मिळतात, एकेरी मार्गिकेच्या गोल चौकात फक्त 8 ठिकाणी. शिवाय समोरासमोरची आणि काटकोनातली धडक जवळजवळ संपते. श्रीमंत देशांची उदाहरणं नकोत असं कुणी म्हणेल, तर घानाकडे पाहा. अक्रा ते कुमासी या महामार्गावरच्या सुहुम जंक्शनला रंबल पट्ट्या, म्हणजे गाडी खडखडवणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवल्यावर अपघात सुमारे 35 टक्क्यांनी आणि मृत्यू सुमारे 55 टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी ना कॅमेरे लागले, ना नवा उड्डाणपूल.

माझ्या तक्रारी आता स्पष्ट सांगते.

पहिली तक्रार अशी, की तक्रारी कुणाच्या मोजल्या गेल्या? गतिरोधकावर गाडी आदळली की चालक लगेच फोन करतो. रस्ता ओलांडायला भिऊन घरात बसलेला म्हातारा माणूस फोन करत नाही. मुलीला चालत शाळेत पाठवायचं सोडून देणारी आई अर्ज लिहीत नाही. त्यांची तक्रार त्यांच्या नसण्यात असते आणि ती नोंदवायला आपल्याकडे वही नाही.

याला जोडूनच दुसरी, आणि माझ्या लेखी सगळ्यांत गंभीर. मला सांगण्यात आलं, की गेल्या काही वर्षांत इथे मोठा अपघात झालेला नाही, मग या रचनेची गरज काय. हा युक्तिवाद मी अनेकदा मनात उलटसुलट करून पाहिला. अपघात झाला नाही कारण रचना होती. औषधाने ताप उतरला म्हणून औषध बंद करायचं आणि ताप पुन्हा चढेपर्यंत वाट पाहायची, असा त्याचा अर्थ होतो. इथे ताप चढणं म्हणजे कुणाचं तरी हाड मोडणं किंवा जीव जाणं. आणि सपाट झालेल्या रस्त्यावर उद्याही अपघात झाला नाही, तरी तो सुरक्षित आहे असं म्हणता येणार नाही. कदाचित तिथून पायी जाणारंच कुणी उरलेलं नसेल. ज्या रस्त्यावर माणसं उतरत नाहीत, तिथे पादचारी मरत नाहीत. माझे बाबा गेले तीन आठवडे पलीकडे गेलेले नाहीत. आपल्या नोंदवहीत त्यांचा रस्ता अपघातमुक्त आहे.

तिसरी तक्रार मोजमापाची आहे. काम करण्यापूर्वी किंवा नंतर त्या रस्त्यावरचा वेग मोजला गेला नाही. मी मोजते. दोन दिव्यांच्या खांबांमधलं 50 मीटर अंतर टेपने मोजून घेतलं आणि मोबाइलवरच्या स्टॉपवॉचने वेळ लावते. 6 सेकंद लागले तर वेग ताशी 30 असतो, 3.6 सेकंद लागले तर 50. क्रॉसिंग उंच होतं तेव्हा सकाळच्या वेळी बहुतेक गाड्या सहा सेकंदांच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळ घेत. आता 30 चा फलक समोर दिसत असताना चार सेकंदांच्या आत निघून जाणाऱ्या गाड्या रोज दिसतात. माझं मोजणं कच्चं असेल, त्यात चूकही असेल. आपण पक्कं मोजा, मी आनंदाने चूक कबूल करेन.

वाहनचालकांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या, हेही मी लिहायला हवं. त्या दोनपैकी एक गतिरोधक खरोखर वाईट होता. उंच, तोकडा आणि टोकदार. त्यावर रंगाचे पट्टे नव्हते, रात्री तो दिसत नसे. दुचाकीवरून जाणारे तिथे घसरत. पाठीचं दुखणं असलेल्यांना तो शिक्षाच होता. पण चांगला गतिरोधक कसा असतो हे पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. 1970 च्या दशकात ब्रिटनच्या वाहतूक संशोधन प्रयोगशाळेने तो बसवून, गाड्या चालवून ठरवला: प्रवासाच्या दिशेने सुमारे 3.7 मीटर लांब आणि मधोमध 10 सेंटिमीटर उंच, सौम्य कमानीसारखा. योग्य वेगाने गेलं तर तो त्रास देत नाही, जास्त वेगाने गेलं तर जाणवतो. आमच्याकडे डांबराचा ढीग ओतून त्याला गतिरोधक म्हटलं गेलं. काम वाईट झालं म्हणून उपाय वाईट ठरवला गेला. वाईट गतिरोधक नीट करायचा असतो. आणि त्याच्या पापाची शिक्षा नीट बांधलेल्या क्रॉसिंगला का?

रुग्णवाहिकेचा मुद्दाही मला ऐकवला गेला. तो मी हलका समजत नाही, बाबांना नेणारी रुग्णवाहिका याच रस्त्याने गेली होती. एका गतिरोधकामागे अग्निशमन दलाच्या मोठ्या गाडीला साधारण 3 ते 10 सेकंदांचा उशीर होतो, असं मोजमापांत आढळलं आहे. म्हणूनच अशा मार्गांवर आडव्या सलग उंचवट्याऐवजी मध्ये फटी ठेवलेले चौकोनी उंचवटे बसवतात. मोठ्या गाडीच्या दोन बाजूंच्या चाकांत अंतर जास्त असल्यामुळे ती हे उंचवटे चाकांच्या मध्ये घेऊन निघून जाते, छोट्या मोटारीला हळू व्हावंच लागतं. त्यातून दुचाकी मात्र सुटतात, तेव्हा जिथे दुचाकी जास्त तिथे दुसरा उपाय शोधावा लागेल: अरुंद मार्गिका, मध्ये थांबायला बेट, किंवा तंग वळण. हे काम अभियंत्यांचं आहे, आणि आपल्या समितीत अभियंते आहेत.

वेळ वाया जातो म्हणणाऱ्यांसाठी एकच आकडा. एक किलोमीटर अंतर न थांबता ताशी 50 ने कापायला 72 सेकंद लागतात, 30 ने 120. फरक 48 सेकंदांचा, आणि तोही सिग्नल, वळणं, गर्दी काहीच नसेल तर. शाळेच्या दारातला रस्ता तर किलोमीटरभरही नाही.

नेदरलँड्सचं उदाहरण मला नेहमी धीर देतं. 1971 साली त्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आज सायकलींसाठी ओळखला जाणारा तो देश तेव्हा मोटारींच्या ताब्यात गेला होता. आईवडील रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' असंच त्यांच्या चळवळीचं नाव होतं. डेल्फ्ट शहरात 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून घरांसमोरचे रस्ते झाडं, बाक आणि वळणं घालून असे घडवले जात होते, की गाडीला माणसाच्या चालीनेच जावं लागे. 1976 मध्ये अशा रस्त्यांना कायद्यात स्थान मिळालं. हेलसिंकीने अलीकडे, 2024 च्या जुलैपासून पुढचं अख्खं वर्ष, रस्त्यावर एकही मृत्यू न होता काढलं. तिथल्या निम्म्याहून जास्त रस्त्यांवर मर्यादा 30 आहे, आणि तिच्या जोडीला रस्त्यांची आखणी, कॅमेरे, सार्वजनिक वाहतूक असं सगळं वर्षानुवर्षं बांधत आणलेलं आहे. त्यांनी केलेली कामं आपण रातोरात करावीत असं कुणी म्हणत नाही. झालेलं काम तोडू नये, इतकं तरी मागता येईल ना?

आमच्या मागण्या अशा आहेत. शाळेसमोरचं क्रॉसिंग पुन्हा पदपथाच्या उंचीवर बांधावं, आणि पुढचं सत्र सुरू होण्याआधी बांधावं. ते बांधताना कडेला अंध व्यक्तींसाठी पायाला जाणवणाऱ्या खडबडीत फरशा बसवाव्यात. आधीच्या कामात त्या नव्हत्या, आणि पदपथ व रस्ता एकाच पातळीवर आला की अंध माणसाला रस्ता कुठे सुरू झाला ते कळत नाही. ही चूक तेव्हा आमच्याही लक्षात आली नव्हती. चौकाचे कोपरे पूर्ववत पुढे घ्यावेत. गतिरोधक मापात, रंगवून, दिव्याच्या उजेडात बसवावेत, आणि एकटादुकटा नको. लांब अंतर मोकळं राहिलं की चालक गतिरोधक ओलांडून पुन्हा वेग वाढवतो. उपाय एका रस्त्यापुरता न करता आजूबाजूच्या गल्ल्या मिळून एक आराखडा करावा, नाहीतर आमच्या दारातली वाहतूक शेजाऱ्यांच्या दारात जाईल, आणि ते आम्हाला नको आहे.

कामाच्या आधी आणि सहा महिन्यांनंतर वेग मोजावा, पायी ओलांडणाऱ्यांची संख्या मोजावी, आणि दोन्ही आकडे सर्वांना वाचता येतील असे जाहीर करावेत. आकडे आमच्या विरोधात गेले तरी जाहीर करावेत. आणि यापुढे डांबरीकरणाच्या निमित्ताने कुठलीही सुरक्षेची रचना काढायची असेल, तर तिथल्या रहिवाशांना आणि शाळेला आधी लेखी कळवून त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय यंत्रं आणू नयेत.

या पत्राचं उत्तर तोंडी नको. कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य आणि का, हे लेखी द्यावं.

माझ्या मोजमापांची वही आपल्याला पाहायची असेल तर मी ती घेऊन येईन. त्यापेक्षा आपणच एकदा सकाळी शाळा भरायच्या वेळी या. ते दोन खांब मी दाखवेन, घड्याळ तुम्ही लावा. बाबांनाही बोलावते. ते म्हणाले आहेत, की समितीचे लोक सोबत उभे असतील तर ते पलीकडे जाऊन दाखवतील.

आपली,
त्या रस्त्यावरची एक रहिवासी